सातव्या मजल्यावरचा धूर

प्यो काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, बाल्कनीची काच सरकवली आणि खूप दिवसांनी खरी सिगारेट पेटवली. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला. सवय मोडली होती ना! डोळे पुसत त्यांनी धूर मुद्दाम वर, आठव्या मजल्याच्या दिशेनं सोडला.

आठव्यावर सोल्हीची आई राहते. आधी दर आठवड्याला ती तणतणत खाली यायची. "काका, लाख वेळा सांगितलं तुम्हाला! धुतलेले कपडे परत धुवायचे का मी?" काका मान खाली घालून माफी मागायचे. मग तिची नजर सिंकमधल्या पातेल्यावर जायची. "आजही रामेनच्या शेवयाच? भात लावायला काय होतं हो?" दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला किमचीचा, तिखट आंबवलेल्या कोबीचा, डबा अडकवलेला असायचा. वाट्टेल ते बोलायची बाई, पण बोलायची.

मग कॅनडातल्या लेकीनं ई-सिगारेट पाठवली. "बाबा, आता तरी सुधारा. हिचा वास येत नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही." खरंच झाला नाही. काका दिवसभर ती नळी चोखत बसायचे, वाफ निघायची, तिथल्या तिथे विरायची. महिना झाला, दाराची बेल वाजली नव्हती. टीव्हीवरच्या बातम्यांना मोठ्यानं उत्तरं द्यायची वेळ आली होती त्यांच्यावर.

म्हणून आज हा उपद्व्याप. सरळ वर जाऊन बसावं, तर कुठल्या तोंडानं? काही काम नको? तक्रारीला मात्र कारण लागत नाही, धूर पुरतो. काकांना बोलणी खायची होती, बस्स.

सिगारेट संपली. वर काही हालचाल नाही. त्यांनी दुसरी पेटवली. तेवढ्यात घरातला छताचा स्पीकर खरखरला. "रहिवाशांना नम्र विनंती, बाल्कनीत धूम्रपान करू नये." पहारेकऱ्याचा आवाज, साऱ्या इमारतीसाठी. काकांचा चेहरा पडला. कुणीतरी परस्पर तक्रार करून मोकळं झालं होतं. आता ती कशाला येतेय!

आणि बेल वाजली.

दारात सोल्हीची आई उभी होती, ॲप्रनवरच, धापा टाकत. ती ओरडली नाही. तिनं काकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"काका, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? ओरड की! बाल्कनीत ओढतोय मी."

"महिनाभर वासच नव्हता, आज आला. मला वाटलं..." तिनं ॲप्रनला हात पुसले. "रोज ठरवायचे, खाली जाऊन बघू. बेल दाबायचा धीरच झाला नाही हो. दार कुणी उघडलंच नसतं तर?"

काकांना आत्ता उमगलं. महिनाभर ह्या बाईच्या लेखी आपण गेलेलो होतो, आणि आपण दाराच्या अलीकडे बसून तिची वाट बघत होतो.

"आत ये ना. चहा टाकतो."

"नको हो, गॅसवर ठेवून आलेय." ती जिन्याकडे वळलीसुद्धा. दोन पायऱ्या चढून थांबली.

"काका, अधूनमधून एखादी खरी ओढत जा," ती म्हणाली. "म्हणजे कळेल मला. खाली यायला नको."