हाड!

“ऑस्कर पाण्यात पडला!” सुनेची किंकाळी ऐकली आणि बोटीच्या मागच्या टोकाला बसलेल्या हौसाक्कांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

इंग्लंडातल्या लेकानं सुट्टीसाठी भाड्यानं घेतलेली ती लांबुडकी बोट कालव्याच्या दगडी काठाकडं सरकत होती, आणि कुत्रं नेमकं मधल्या फटीत सापडलं होतं. पुढच्या टोकावरून लेक “कम, ऑस्कर, कम!” म्हणून घसा फोडत होता. कुत्रं बावचळून जागच्या जागी गोल फिरत होतं. फट आता परातीएवढीच उरली होती.

गेले आठ दिवस आक्का त्याच्यावर तोंडसुख घेत होत्या. “माणसाला पाय पसरायला जागा न्हाई, आन् कुत्र्याला गादी!” ऑस्कर हे नाव तर त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. आत्ता मात्र त्या गुडघ्यांवर बसून, पाण्यावर ओणवून ओरडल्या, “हाड! हाड रं! हाड!”

“अहो आई, हाकलताय काय त्याला!” सून रडकुंडीला आली.

पण कुत्र्यानं कान टवकारले, मान वळवली आणि ते सरळ आक्कांकडं पोहत आलं. त्यांनी गळ्यातला पट्टा धरून त्याला वर ओढलं, तोच बोट धाडकन काठावर आदळली. ओलंचिंब कुत्रं थेट त्यांच्या मुठीतल्या भाकरीला भिडलं.

लेक धावत मागं आला. “आई, तू ह्याला रोज चोरून भाकरी घालतेस!”

“‘हाड, हाड’ म्हणतच घालते की!” पदरानं त्याचे कान पुसत आक्का फणकारल्या. “मी नावं ठेवत होते. ह्या खुळ्याला वाटलं, नाव ठेवलंय.”