काळी पाच

"हे वाचता येतं का, बेटा?" ऑर्केस्ट्राच्या मालकांनी, राधेश्यामजींनी, कागद पुढे सरकवला. पाच रेषांवर काळे ठिपके एकावर एक रचलेले होते. याआधी आलेले दोन गिटारवाले हा कागद पाहून चहाला म्हणून जे बाहेर पडले, ते अजून चहाच पीत असावेत.

राजनंदिनीनं कागदावर एकदाच नजर टाकली. आष्टीहून ती जालन्याला ऑर्केस्ट्रात जागा मिळवायला आली होती, आणि मिळवल्याशिवाय परत जायचं नाही असं घरी सांगून आली होती.

"येतं की. सगळ्यात खालचा ठिपका सांगतो, हात कुठं धरायचा. वरची रचना सांगती बोटांचा आकार. यात बोट न लावता वाजवायची मोकळी तार एक बी न्हाई. मंजे हाच आकार उचलायचा न् पाहिजे तिथं न्यायचा."

"मंग ने. कागद पांढरी पाचचा आहे. बाई काळी पाचमध्ये गातात."

बाई म्हणजे बेबीनंदा. अख्ख्या जिल्ह्यात पेटीवरच्या त्या एका पट्टीनं ओळखल्या जाणाऱ्या. ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर त्यांचं नाव लहान आणि 'काळी पाच' मोठ्या अक्षरात. जरा खाली उतरून गा, असं कुणी नुसतं सुचवलं तरी बाईंचा अबोला सुरू व्हायचा.

पांढरी पाच म्हणजे गिटारच्या दांडीवरचा तिसरा फ्रेट, तिसरं घर. काळी पाच तिथून तीन फ्रेट वर, सहाव्यावर. राजनंदिनीनं बोटांचा आकार न मोडता हात सरकवला. तेवढ्यात कुठल्याशा लग्नाच्या पार्टीचा फोन आला आणि राधेश्यामजी बोलत बोलत बाहेर गेले. समोर बसलेल्या बाईंनी गाणं उचललं. मुखडा झकास गेला. अंतऱ्यात वरचा सूर आला आणि बाईंचा आवाज चिरकला. बाई खोकल्या, पाणी प्यायल्या आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "धूळ लई हाय आज. पुन्हा घेऊ."

राजनंदिनीला फार वाईट वाटलं. याच आवाजामागं एकदा तरी वाजवायचं म्हणून ती गिटार शिकली होती. पुन्हा सुरू करताना तिनं तोच आकार एक फ्रेट खाली, पाचव्यावर धरला. या खेपेला वरचा सूर अलगद लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि तो सूर हवा तेवढा लांबवला.

राधेश्यामजी दारात येऊन ऐकत होते. ते आत आले आणि त्यांनी कीबोर्डवरची काळी पाच दाबली. सूर जुळला नाही.

"पाच ऐकलं न् पाचव्या फ्रेटवर जाऊन बसलीस? अगं, पेटीची काळी पाच गिटारवर सहाव्याला येते. नवशिके करतात ही चूक! कागद वाचते न् एवढं माहीत न्हाई? न्हाई जमणार, बेटा. बिलकुल न्हाई."

राजनंदिनीला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई रुमालानं तोंड पुसत होत्या, आणि पुसणं काही संपत नव्हतं.

"चुकलं माझं, शेटजी," राजनंदिनी अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली आणि गिटार खोळीत घालू लागली.

"ए पोरी, राहू दे ती खोळ." बेबीनंदाबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. स्टेजवर उभ्या राहायच्या तशा त्या ताठ उभ्या राहिल्या आणि राधेश्यामजींकडे वळल्या.

"तुम्ही बाहेर गेल्ता तवा तिनं बराबर सहाव्यावरच धरल्तं. काळी पाच तिला येती, राधेश्यामजी. मलाच येईना झाली."