एक्सपीला शोभेल असं स्थळ

टिपणीसकाकूंच्या वधुवर सूचक मंडळाचा विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर सकाळी वारला. मी दुरुस्तीला गेलो, तर डिस्क मात्र शाबूत होती. मी तिची प्रत काढून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात आभासी मशीन, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं सोंग, उभं केलं. त्याला डिस्क कुठल्या कंट्रोलरने जोडायची, एवढंच ठरवायचं होतं. मी यादीतला सगळ्यात नवा, सगळ्यात वेगवान निवडला.

पडदा निळा पडला, एक्सपी सुरूच होईना.

"गेली माझी चार हजार स्थळं!" काकू किंचाळल्या.

"काकू, लिनक्ससारखी दुसरी सिस्टीम या कंट्रोलरशी मस्त नांदते. एक्सपी याला ओळखच दाखवत नाही."

"कशी दाखवणार? त्याच्या जन्माच्या वेळी हा होता तरी का?" काकू कडाडल्या. "त्याच्या वयाचं स्थळ बघ!"

इतकी स्पष्ट सूचना मला मॅन्युअलमध्येही मिळाली नव्हती. मी म्हातारा आयडीई कंट्रोलर निवडला. एक्सपी निमूट उठला. चार हजार स्थळं जागेवर होती.

खात्री करायला मी माझंच नाव टाकलं. आईने नऊ वर्षांपूर्वी याच मंडळात माझा फॉर्म भरला होता, पण एकाही मुलीकडून फोन आला नव्हता.

पडद्यावर आलं : हृषीकेश चिंचणीकर, विवाह संपन्न.

"काकू, यात माझं लग्न झालंय!"

काकूंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा कॉम्प्युटर वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"मग तू इथे काय करतोयस?" त्या हादरून म्हणाल्या. "ती पोर नऊ वर्षं घरी वाट बघतेय!"