पाच सेकंद

भोंगा वाजला आणि पडद्यावरचं माकड पुन्हा विहिरीत पडलं. ऋजुताने कपाळावर हात मारला. पाढ्यांचा हा गेम तिने तीनदा नव्याने लिहिला होता. उद्या कॉलेजात दाखवायचा होता आणि शाळेत तो खेळून बघणारी पोरं अजून पहिल्याच पायरीवर अडकत होती.

"तेराचा पाढा येत नाही का गं?" तिने समोरच्या चौथीतल्या मुलीला थकून विचारलं.

"येतो की! पण एकेपासून म्हणत सकपर्यंत येते, तोवर तुमचे पाच सेकंद संपतात. ताई, तुम्ही सांगा बरं, तेरा सक किती?"

ऋजुताने तोंड उघडलं. "तेरा एके तेरा," ती पुटपुटू लागली, "तेरा दुणे सव्वीस..."

मुलगी तिच्या ओठांकडे बघत शांतपणे थांबून राहिली.