टेकडीचा वळसा

आम्हा हौशी मंडळींच्या हॅम रेडिओवर रोज संध्याकाळी दोन भाऊ बोलायचे. टेकडीवरचा रिपीटर एकाचा आवाज उचलून दुसऱ्याकडे पोचवायचा, तरी थोरल्याला धाकट्याचं बोलणं तुटक यायचं. केबल बदला, अँटेना उंच करा. सगळ्यांचे सल्ले झाले, फरक शून्य. मला काही राहवेना. सिग्नलचा माग काढत थोरल्यांच्या दारात पोचलो, तर दोघा भावांच्या अँटेना एकाच गच्चीवर!

"अहो काका, धाकटे वरच राहतात? मग इतक्या जवळून त्यांच्या सेटचा जोर आदळला, की तुमचा सेट बधिर होणारच. टेकडीला वळसा कशाला घालता, जिना चढा की!"

काकांनी वर पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"समोरासमोर आलो की दोघंही एकदमच बोलतो रे, आणि मग भांडणाला तोंड फुटतं. रेडिओवर एकाने बटण दाबलं, की दुसऱ्याला ऐकून घ्यावंच लागतं."