सगळ्या चॅनेलवर गेट

कलेक्टर ऑफिसात बंदूकधारी घुसले होते. मागच्या भिंतीवरून कमांडो चढायला लागले, तसा माझ्या कानातल्या इअरफोनमधून संपादक ओरडला, "भार्गवी, कमांडो दाखव. सगळ्यात आधी आपण."

"सर, आत टीव्ही चालू आहे. तेही बघतायत," मी म्हणाले आणि इअरफोन काढून खिशात टाकला. माझ्या कॅमेरामननं काही न विचारता कॅमेरा पुढच्या बंद गेटकडे वळवला. शेजारच्या चॅनेलवाल्यानं आमच्याकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि आपलाही कॅमेरा फिरवला. मग बाकीच्यांनीही.

कितीतरी वेळ अख्खा महाराष्ट्र एक कुलूप बघत बसला.

ओलीस ठेवलेले सगळे जिवंत बाहेर आले. त्यांतल्या शिपाई मावशी थेट माझ्यापाशी आल्या.

"त्या बंदूकवाल्यांचा म्होरक्या चॅनेल बदलबदलून बघत होता गं. जिकडे तिकडे आपलं गेट," त्या हसत सुटल्या. "मेला रिमोट दाबत राहिला आणि कमांडोंनी मागून धरला."