खरी जन्मवेळ

काचेच्या दारापाशी विहीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "मग सेरोमची जन्मवेळ काय म्हणालात?"

हेसुकने काही म्हटलेलंच नव्हतं. "अगंबाई, स्वयंपाकघर बघा केवढं!" ती काचेला नाक लावत म्हणाली. "राष्ट्राध्यक्षांच्या बायका इथे स्वतः भाजी चिरत असतील का हो?"

"काचेपासून लांब राहा, आजी," टोपीवाली स्वयंसेविका म्हणाली आणि मागची रांग पुढे रेटली गेली. हेसुकला तेवढीच उसंत मिळाली.

राष्ट्राध्यक्षांचं हे निळ्या कौलांचं घर लोकांना खुलं झाल्यापासून अख्खं सोल शहर ते बघायला लोटत होतं. आत पाऊल टाकायची सोय नाही. बाहेरून फिरायचं आणि खिडक्यांतून डोकवायचं. दोन्ही आयांची पहिली भेट इथे घडवायची शक्कल मुलांची. हॉटेलात समोरासमोर अवघडून बसण्यापेक्षा चालता चालता ओळख होईल, जेवायचं नंतर बघू, असा त्यांचा बेत. ती दोघं, हेसुकची सेरोम आणि विहीणबाईंचा दोग्यून, पुढे फोटो काढत खिदळत होती. इकडे हेसुक प्रत्येक खिडकीपाशी विषय बदलत होती.

कारण सेरोमची जन्मतारीख खोटी होती. दर वर्ष एकेका प्राण्याचं, आणि पोरगी जन्मली पांढऱ्या घोड्याच्या वर्षात. त्या वर्षातली मुलगी तापट, नवऱ्याच्या डोक्यावर मिरे वाटणारी, तिला सून करून घेणं म्हणजे घराचं वाटोळं, असं तेव्हा जो तो म्हणायचा. वर्ष पालटायला थोडेच दिवस उरले होते. हेसुकच्या सासूने नातीकडे एकदा बघितलं आणि सरळ तारीखच पुढे ढकलली. घोडी एका रात्रीत पुढच्या, मेंढीच्या वर्षात जाऊन पडली. सासू केव्हाच गेली, नवराही. आता ही गोष्ट जगात एकट्या हेसुकला ठाऊक होती. ज्योतिष्याला खोटी वेळ द्यावी, तर पोरीच्या लग्नाचा मुहूर्तच खोटा. खरी सांगावी, तर सोयरीक मोडायची. आणि दोग्यूनसारखा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

पुढच्या खिडकीपाशी एक म्हातारा बायकोला ऐकवत होता, "जागाच वाईट. मागचा डोंगर बघ कसा बसलाय. म्हणून इथे राहिलेल्यांचं शेवटी काही बरं झालं नाही."

हेसुकने लगेच तो धागा पकडला. "ऐकलंत? जागेचा गुण हो सगळा!"

"जागा बघायला नामी जाणकार आले असतील की," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "पत्रिकाही बघितल्या असतील एकेकाच्या, अगदी मिनिटापर्यंत. काय उपयोग झाला?"

हेसुक पुढच्या खिडकीकडे वळली.

"तरी मुहूर्त काढायलाच हवा," त्या पुढे म्हणाल्या. "आमच्या सासूबाई अजून आहेत, त्यांचं समाधान. म्हणून मघापासून तुमच्या मागे लागलेय. वेळ सांगा. आणि तारीखही सांगा. खरी."

"खरी म्हणजे?"

"सेरोम जन्मली ती. घोड्याच्या वर्षातली."

हेसुक मटकन खाली बसली. बाजूला बाक होता म्हणून बरं. विहीणबाईही शेजारी टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, हे हेसुकने दोनदा निरखून बघितलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या लेकीनेच. पहिल्याच दिवशी, आमच्या दारात बूट काढता काढता. म्हणाली, मी घोडी आहे, आधीच सांगते, मागाहून बोंब नको."

तेवढ्यात सेरोम धावत आली. "आई, काय झालं? चेहरा का उतरलाय?"

"तुला कोणी सांगितलं गं, तुझ्या जन्माचं?"

सेरोमने एकदा होणाऱ्या सासूकडे बघितलं, एकदा आईकडे. "तूच."

"मी? मी कधी गं?"

"दर हिवाळ्यात. माझ्या वाढदिवसाला महिना असायचा आणि एक दिवस तू पहाटे उठून समुद्री शेवाळाचं सूप करायचीस. सूप वाढदिवसाचं आणि घरात वाढदिवस कुणाचाच नाही! विचारलं की म्हणायचीस, शेवाळ संपवायचंय. आणि मला वाढताना डोळे पुसायचीस. महिनाभर मागे गेलं की वर्ष कुठलं येतं, एवढं शाळेत असतानाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"बोलले असते तर एक सूप बंद झालं असतं."

हेसुकला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. एवढी वर्षं छातीवर धोंडा ठेवून जगली होती ती. सासूला दिलेला शब्द, पोरीचं नशीब, लोकांची तोंडं, सगळं एकटीने सांभाळलं होतं, आणि पोरगी खुशाल सूप ओरपत होती. तिला इतकं हलकं वाटलं की शेजारून जाणाऱ्या रांगेतल्या अनोळखी बायकांनाही हाक मारून सांगावंसं वाटलं.

तिने नाक पुसलं. खरी तारीख सांगितली, अगदी खणखणीत आवाजात. मग म्हणाली, "पहाटे झाली. अजून उजाडायचं होतं. बाहेर बर्फ पडत होता आणि ही अशी केकाटत होती, की शेजारी म्हणाले, मुलगाच असणार."

दोग्यून लांबूनच हात हलवून बोलावत होता. त्याला भूक लागली होती.

"यंदापासून सूप एकदाच," हेसुक उठत म्हणाली. "खऱ्या दिवशी."

"छे छे, दोन्ही दिवशी करा," विहीणबाईंनी तिच्या हातात हात घातला. "आणि मलाही बोलवा. आम्हा घोड्यांना भूक फार."